चुन्याची कडी

आमच्या मास्तरणीला पकडून नेलं ते शाळा सुटायच्या वेळेला. मास्तरीण म्हणजे आमची शेळी. हनुवटीखाली दाढी, आणि बघायची अशी, की आपण गृहपाठ केलेला नाही हे तिला आधीच कळलंय. मी दप्तर पाठीवर टाकून गल्लीच्या तोंडाशी आले तर आत्या समोरून पळत येत होती, एका पायात चप्पल, दुसरा मोकळा.

"कोंडवाड्यात घातली गं तिला! तुझी आई गेलीये पुढं. तू जा, मी चप्पल शोधून येते."

कोंडवाडा गावाच्या टोकाला आहे. चार भिंती, वर काही नाही, लोखंडी फाटक आणि फाटकाला हातभर लांब कडी. पूर्वी तिथं चुकलेलं जनावर एखाद्या रात्रीपुरतं राहायचं आणि राखणदार म्हातारा त्याला स्वतःच्या घरचा पाला घालायचा. आता तिथं फाटकाबाहेर एक खुर्ची असते आणि खुर्चीत साय असतो.

साय म्हणजे डेअरीचा मालक. हे नाव आत्याने ठेवलं. गावात काहीही उकळू दे, वर हाच येतो. शाळेच्या समितीत तो, पाण्याच्या समितीत तो, आणि आता कुरण समितीचा अध्यक्षही तोच.

आई फाटकासमोर उभी होती. कामावरून तशीच आलेली, हातात खुरपं, कोपरापर्यंत माती. आतून मास्तरीण ओरडत होती. आजूबाजूला दहाबारा माणसं, कारण डेअरीवर दूध घालायची वेळ आणि डेअरी समोरच.

"शेळी हद्दीच्या दगडांबाहेर चरत होती, मालक," आई म्हणाली. "रोज तिथंच चरते. त्या एकुलत्या झाडाच्या अलीकडे."

"झाड दगडांच्या आत आहे बाई."

"नव्हतं."

"मग दगड चालत आले म्हण की!" साय हसला, आणि दूध घालायला आलेले हसले, कारण त्यांना दूध घालायचं होतं. "दगडाला पाय असतात का गं? नियम सगळ्यांना सारखा. म्हण आणि घेऊन जा."

नियम त्यानेच काढलेला. कुरणाच्या बंद पट्ट्यात जनावर सापडलं तर कुणीही गावकऱ्याने ते कोंडवाड्यात आणावं. मालकाने स्वतः फाटकाशी उभं राहून मोठ्याने म्हणावं, 'माझं जनावर, माझी चूक.' जनावरागणिक एकदा. दोन शेळ्या असतील तर दोनदा. लाज वाटली की सवय लागते, असं त्याने सभेत सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी मान डोलावली होती, कारण तेव्हा कुणाचीच शेळी आत नव्हती.

आई म्हणाली, "माझं जनावर, माझी चूक."

साय कानामागे हात धरून पुढे वाकला. "ऐकू आलं नाही."

आई परत म्हणाली.

"छे! शेळीचाच आवाज मोठा येतोय."

तिसऱ्यांदा आई ओरडली. तिचा आवाज फाटला, शेवटचं 'चूक' उंच किनरं निघालं, एखाद्या लहान मुलीचं निघावं तसं. लोक हसले. आमच्या वर्गातली एक मुलगी बरणी घेऊन रांगेत होती, तीही हसली आणि मला बघून थांबली. मी आईच्या मागे उभी होते. मला आईची मान दिसत होती, उन्हानं रापलेली, आणि त्या रापलेल्या मानेवर खालून वर लाली चढत गेली, कानांपर्यंत. ती लाली मी विसरणार नाही. मला राग आला, आणि खरं सांगते, तो मला आवडला.

राखणदार म्हाताऱ्याने कडी काढली. मास्तरीण बाहेर आली, मान झटकली, आवाज झाला नाही. गळ्यातली घंटा नव्हती.

*

बाबा पूर्वी ट्रकवर क्लीनर होते. ट्रक मागे घेताना त्याच्या पाठीवर थापा मारत 'जाऊ दे, जाऊ दे' करत आयुष्य गेलं, मग एकदा माल उतरवताना कंबर गेली, आणि आता ते घरासमोरच्या टपरीत बसून पंक्चर काढतात. 'जाऊ दे' मात्र तोंडात राहिलं. गल्लीत त्यांना त्याच नावाने हाक मारतात.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. "शेळी आली ना घरी."

"तुझ्या बायकोला चारचौघांत ओरडायला लावलं त्यानं," आत्या म्हणाली. "तुझ्या अंगात रक्त आहे की पंक्चरचं सोल्यूशन?"

"त्याच्याशी भांडून काय मिळणार?"

"मजा!" मी म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. ती हात धूत होती, नखांतली माती निघत नव्हती. "तू अभ्यास कर."

"मी बदला घेणार आहे."

"आधी गणित घे."

आत्या हसली, पण माझ्याकडे बघून डोळा मारला. आत्याचं असंच. नवऱ्याने टाकलं तेव्हा त्याच्या सायकलीची दोन्ही चाकं काढून घेऊन आलेली बाई. अजून ती चाकं बाबांच्या टपरीत टांगलेली आहेत.

"दगड हलवलेत," आई अचानक म्हणाली. पाठमोरीच. "मी वेडी नाही. झाड बाहेर होतं."

"मागच्या महिन्यात कुरणखात्याच्या बाई येऊन पट्टा मोजून गेल्या," बाबा म्हणाले. "माप बरोबर भरलं. हलवले असते तर वाढलं नसतं का?"

बुडबुडा आला. बाबांनी तिथं बोट ठेवलं.

बंद पट्ट्याची गोष्ट मुळात वाईट नव्हती, हे सांगायला हवं. पाऊस संपताना कुरणखात्याच्या बाई आल्या होत्या. चिखलाचे बूट, घसा बसलेला. म्हणाल्या, कुरण सगळ्या गावाचं आहे आणि सगळं गाव त्याला खाऊन टाकतंय. ओढ्याकाठचा एक पट्टा बी धरेपर्यंत बंद ठेवा, बाकीचं मोकळं चरा, पुढच्या वर्षी दुसरा पट्टा. आईला पटलं होतं. 'गवतालाही बाळंतपण लागतं,' ती म्हणाली होती. बाईंनी विचारलं, समितीत कोण येतं? सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले. अंगठ्यांकडे न बघणारा एकच होता. तो अध्यक्ष झाला. 'दगड तुमचे, राखण तुमची,' बाई जाताना म्हणाल्या. 'मी एकटी किती कुरणांना पुरणार?'

पट्ट्याभोवती दगड मांडले आणि त्यांना चुना लावायचं काम आई-आत्या आणि गल्लीतल्या आणखी काही बायकांना मिळालं. आई ब्रश वापरत नाही. जुन्या कापडाचा बोळा बादलीत बुडवून दगडाच्या डोक्यावर पिळायचा आणि वरून खाली पुसत यायचं, ही तिची पद्धत. काम झपाझप होतं, पण चुना बुडाशी ओघळतो. साय तेव्हाही डाफरला होता. "चुना लावतेस की दगडांना आंघोळ घालतेस? हाताला वळण नाही!" सगळ्या बायकांसमोर. आई खाली मान घालून पुढच्या दगडाकडे गेली होती, आणि त्यालाही आंघोळच घातली होती.

*

रविवारी मी घंटा शोधायला गेले. आमची घरं कुरणाच्या वरच्या अंगाला, ओढा खालच्या. उन्हाने गवत पिवळं पडलेलं, पायाखाली कुरकुरत होतं. एकुलत्या झाडापाशी, मास्तरणीला जिथून ओढत नेलं तिथं, मी चवड्यांवर बसून हाताने गवत चाचपत होते. घंटा सापडली. आणि घंटेच्या शेजारी मातीवर पांढरं काहीतरी.

आधी वाटलं, पक्ष्यांचं काम. मग गवत बाजूला केलं. गोल होतं. पांढरं, वाटोळं, परातीएवढं कडं, आणि मध्ये माती चपटी बसलेली, तिच्यावरचं गवत मेलेल्या माणसाच्या केसांसारखं फिकट. मी त्यात पाय ठेवला. काढला. मग एकदम उठले आणि पुढे चालत गेले, दोन दगडांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढं. तिथंही कडं! त्यापुढे तिसरं!

चुना लावल्यानंतर पावसाचा थेंब पडला नव्हता. आईच्या वळण नसलेल्या हातांनी ओघळलेला सगळा चुना जागच्या जागी होता. दगड मात्र चढून वर गेले होते, आमच्या घरांकडे.

मी धावत खाली ओढ्याकडे सुटले. तिथंही कडी होती, पार काठाला लागून. आणि दगड? दगड वर सरकलेले. म्हणजे अख्खा पट्टाच उचलून वर ठेवला होता, चादर ओढून घ्यावी तसा. माप तेवढंच! वर आमच्या शेळ्यांची जागा बंद झाली आणि खाली ओढ्याकाठचं कमरेएवढं, ओंब्यांना आलेलं गवत मोकळं झालं. त्यात सायच्या गाई उभ्या होत्या, पोटं टम्म, शेपट्या हलवत. कुठल्याच दगडाच्या आत नाही. पण सगळ्या कड्यांच्या आत.

मी घरी येऊन धापा टाकत सांगितलं. आत्या खाली बसली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, त्यानं अख्ख्या गावाला चुना लावला," ती म्हणाली, "आणि चुना तर तुझ्या आईनं लावला होता!"

आई हसली नाही. खुरपं घेतलं आणि एकटीच कुरणावर गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटांच्या टोकांना पांढरं होतं.

"खात्याच्या बाईंना फोन लाव," ती मला म्हणाली. "उद्या या म्हणावं. दुपारी."

"दुपारीच का?"

"धारांच्या आधी," आई म्हणाली. तेव्हा मला कळलं नाही. आत्याला कळलं. तिने आईकडे असं बघितलं, जसं इतकी वर्षं ही बाई या घरात राहते हे तिला आत्ताच समजलं.

संध्याकाळी आत्या घरोघर फिरली. मी बरोबर. मला वाटलं होतं मोठं भाषण लागेल. वर्गात मॉनिटर झाल्यापासून माझा आवाज सुटलाय, मी मुद्देसुद्धा काढले होते. आत्याने मला एक शब्द बोलू दिला नाही. दारात उभी राहायची आणि एवढंच विचारायची, "तू कितीदा म्हणालीस?"

इस्त्रीवाली म्हणाली, "दोनदा." तिच्या दोन शेळ्या.

"उद्या दुपारी ओढ्यावर ये."

"माझं दूध त्याच्याकडे जातं गं."

"म्हणून तर विचारतेय. कितीदा?"

इस्त्रीवालीने इस्त्री कापडावर दाबून धरली. कापड करपायला लागलं तेव्हा उचलली. "येते," ती म्हणाली.

न्हाव्याची बायको म्हणाली, तिला चारदा म्हणायला लावलं होतं, शेवटी रडली तेव्हा फाटक उघडलं. नवऱ्याला हे तिने सांगितलेलं नव्हतं. तो आतून वस्तरा पुसत बाहेर आला. "उद्या दुकान बंद," तो म्हणाला.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "जाऊ दे म्हणालो तर ऐकणार आहात का?"

"नाही," आम्ही तिघी म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून मधल्या सुट्टीत पळाले. पोहोचले तेव्हा बाई फीत गुंडाळत होत्या आणि साय त्यांच्यावर छत्री धरून उभा होता.

"माप तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"मी काय सांगत होतो! बायकांना उद्योग नाही बाई. एकीची शेळी पकडली त्याचा राग."

"माप बरोबरच आहे," आई म्हणाली. "जागा चुकलीये. इकडे या."

ती त्यांना पहिल्या कड्यापाशी घेऊन गेली. बाई वाकल्या, बोटाने खरवडलं, बोट बघितलं. मग दुसऱ्या कड्यापाशी. तिसऱ्यापाशी जाताना त्यांनी छत्रीतून बाहेर पाऊल टाकलं.

सायच्या कपाळावर घाम आला, पण तोंड चालू होतं. "अहो, चुना काय, कुणीही ओतेल! काल रात्री ओतला असेल. बादलीभर चुन्याला काय लागतं?"

खरंच की. मी सगळे मुद्दे काढले होते, हा काढलाच नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इस्त्रीवाली मागे सरकली. साय परत छत्री घेऊन बाईंच्या डोक्याशी आला, आणि मला वाटलं, संपलं.

तेव्हा बाबा पुढे झाले. ते कधी आले होते कुणास ठाऊक. कंबरेला पट्टा बांधलेला, खांद्यावर पंक्चरच्या टपरीतली पहार. काही न बोलता ते वर, त्या कड्याच्या सरळ रेषेतल्या दगडाकडे गेले, पहार खाली घातली आणि दगड उपटला. त्याच्या बुडाला चुन्याची वाकडीतिकडी किनार होती, जमिनीला टेकला होता तिथंच थांबलेली. आता दगड होता त्या जागेवर मात्र पांढरा ठिपकासुद्धा नव्हता, नुसती माती.

न्हाव्याने दुसरी बाजू धरली. दोघे दगड डुगडुगवत खाली आणू लागले. बाबांचा चेहरा दुखण्याने काळा पडला होता.

"अहो, ठेवा, कंबर जाईल," आई म्हणाली.

बाबांनी ऐकलं नाही. दगड कड्याशी आला. बाबांनी तो उभा केला, थोडा फिरवला, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "जाऊ दे, जाऊ दे... डावीकडे घे... जाऊ दे... बस!"

दगड बसला. आपल्या चपलेत आपला पाय जावा तसा. एका अंगाने तो जिथं फुगीर होता तिथं कडंही फुगीर होतं. जिथं त्याला खाच होती तिथं चुना आत वळला होता. दगडाची किनार आणि जमिनीचं कडं एकमेकांना असं भिडलं, की मध्ये गवताची काडी जाईना.

मग न्हाव्याची बायको मोठ्याने म्हणाली, "दगडाला पाय असतात का गं?"

आणि आम्ही हसलो. सगळ्या. मी इतकी हसले की गवतात खालीच बसले.

बाईंनी कुणाला विचारलं नाही. ओढ्याकाठच्या कड्यांशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आत चरणाऱ्या गाईंकडे बघितलं. "या कुणाच्या?"

साय म्हणाला, "गुराख्याची चूक असेल. मी बघतो. आपण डेअरीवर बसून बोलू."

"बंद पट्ट्यात सापडलेलं जनावर कुणीही गावकऱ्याने कोंडवाड्यात न्यावं, हा तुमच्याच समितीचा नियम ना?" बाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "तुम्ही गावकरी आहात ना?"

असं विचारायचं असतं का! आत्याने एकुलत्या झाडाची फांदी आधीच तोडून ठेवली होती.

*

सायच्या गाई आमच्या शेळ्यांसारख्या नाहीत. थोराड, चकचकीत, चालताना कासा डुलतात. बायकांनी त्यांना गावातून नेलं, मुद्दाम लांबच्या रस्त्याने, शाळेवरून. आमचा अख्खा वर्ग खिडकीत होता. बरणीवाली मुलगीही. मी तिच्याकडे बघून हात केला, एखाद्या पुढारणीसारखा.

कोंडवाडा शेळ्यांसाठी ठीक होता. गाई त्यात कशाबशा मावल्या, अंगाला अंग घासत. म्हाताऱ्या राखणदाराने कडी लावली आणि आज पहिल्यांदाच मला तो ताठ उभा राहिलेला दिसला. मग आम्ही थांबलो. ऊन कलायला लागलं. धारांची वेळ झाली. एक गाय हंबरली, मग दुसरी, मग सगळ्याच. सडं ताठली, एकीच्या सडातून आपोआप थेंब गळायला लागले. तेव्हा कुठे 'धारांच्या आधी'चा अर्थ माझ्या डोक्यात उतरला. साय कितीही मोठा असला तरी गाईंना थांबवून ठेवणार नव्हता. डेअरीसमोर दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती, आणि रांगेची तोंडं डेअरीकडे नव्हती, इकडे होती.

साय आला. खुर्चीकडे गेला सवयीने. खुर्चीत आत्या बसली होती, दोन्ही चपला पायात.

तो फाटकाशी उभा राहिला. रांगेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला. ओठ हलले एवढंच.

"झालं," खात्याच्या बाई म्हणाल्या. दमल्या होत्या. "म्हणाले ते. जनावरांचे हाल नकोत. पट्टा मी उद्या परत आखून देते आणि समितीही नवी निवडू. उघडा."

म्हाताऱ्याने आईकडे बघितलं. सगळ्यांनीच आईकडे बघितलं. आई गाईंकडे बघत होती. गळणाऱ्या सडाकडे बघताना तिचा चेहरा मऊ झाला होता. ताप आलेल्या मास्तरणीच्या उशाशी बसते तेव्हा होतो तसा. मला धडकी भरली. आता ही म्हणणार, सोडा त्यांना. शाळेच्या पुस्तकातल्या आया असंच करतात, मग खाली प्रश्न असतो, या प्रसंगातून काय शिकलात? मला काही शिकायचं नव्हतं.

आईने कानामागे हात धरला.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

सायने बाईंकडे बघितलं. बाई फितीचा गुंता सोडवत होत्या, फार मन लावून.

"माझं जनावर, माझी चूक."

"गाईंचाच आवाज मोठा येतोय."

त्याने मान वर केली. रांगेतून कुणीतरी खाकरलं. आणि मग साय ओरडला, सगळ्या ताकदीने, आणि शेवटच्या 'चूक'ला त्याचा आवाज फाटला, किनरा झाला. मी त्याच्या मागे उभी होते. मानेवर खालून वर लाली चढली, कानांपर्यंत. मी ती नीट बघून घेतली.

आईने मान हलवली. म्हाताऱ्याने कडी काढली, फाटक एका गाईपुरतं उघडलं. आईने आत हात घालून जिचं सड गळत होतं तिलाच आधी बाहेर काढलं, पाठीवर हात फिरवला आणि तिला वाट दाखवली. तो मागोमाग निघाला.

"कुठं चाललात मालक?" आई म्हणाली, आणि फाटक परत लावून घेतलं. "ही एक झाली. जनावरागणिक एकदा."

आत अख्खा कळप हंबरत होता. आईने दुसऱ्या गाईच्या कपाळावर बोट ठेवलं.

"आता हिचं म्हणा."